दुपारचे टाके

रक्ताचा डाग थंड पाण्यात सुटतो. गरम पाण्यात घातला की शिजतो, कापडाच्या अंगात मुरतो, आणि मग घासून घासून हात सोलले तरी निघत नाही. धुलाईखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच, बाकीचं बघून बघून येतं. मी बारा वर्षं रुग्णालयाच्या चादरी धुतोय. माझ्या हातून ही चूक होणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने बादलीत बुडणं.

पण झाली. बाळंतिणींच्या वॉर्डातून पहाटे गठ्ठा आला. बायकोला आदल्या संध्याकाळी मी त्याच वॉर्डात सोडून आलो होतो. पाचवा महिना होता, तिसरं पोर, आणि कळा नको तेव्हा सुरू झाल्या होत्या. मला त्यांनी मुलांपाशी घरी पाठवलं. पहाटे मुलांना भावाकडे सोडून मी कामावर आलो, कारण धुलाईखाना रुग्णालयाच्या मागच्याच अंगणात आहे, आणि घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा तिच्यापासून दोन भिंतींवर असणं बरं. गठ्ठ्याची गाठ सोडली. सहा चादरी. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी माझे हात थांबले. आपल्या घरातलं माणूस पाठमोरंही ओळखू येतं, तसं काहीतरी झालं.

मग मी थंड पाण्याचा नळ सोडून गरम पाण्याचं चाक फिरवलं. पुरं फिरवलं. मला ते रक्त दिसायला नको होतं, आणि घाबरलेल्या माणसाला गरम पाणी जास्त स्वच्छ वाटतं. वाफ उठली, तोंडावर आली, खोली नाहीशी झाली. सगळं पांढरं. आपण कुठेतरी उंचावर उभे आहोत आणि खालून कोणी हाक मारतंय, पण ती हाक आपल्याला नाहीच, असं वाटत राहिलं. हाक मारत होते वाफोबा, आमचे बॉयलरवाले.

"अरे ए, झोपलास का उभ्या उभ्या? ड्रम उकळतोय."

बाळ गेलं. बायको वाचली. पाच चादरी दोन दिवस ब्लीचमध्ये बुडवून कशाबशा पांढऱ्या झाल्या. सहावीवर दोन ओंजळींएवढा तपकिरी डाग राहिला तो राहिलाच. मुकादमबाई म्हणाल्या, "बाद. फडकी करा हिची." मी म्हटलं, मी घरी नेतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीतून ती कमी केली. घरी आणून मी ती पत्र्याच्या पेटीच्या तळाशी घातली, गरम कपड्यांच्या खाली. बायकोला बोललो नाही.

तिला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. त्या गोडगोड बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

"हिचं पोट दोनदा उघडून झालंय. आतलं सगळं एकमेकांना चिकटलंय. अंगात रक्त नावाला आहे. पुन्हा दिवस गेले तर मी हिची खात्री देणार नाही. स्पष्ट सांगते."

"मग हिचं ऑपरेशन करून टाका," मी म्हटलं. असं पटकन म्हटलं, जसं काही तोंडात तयारच ठेवलं होतं.

"पुन्हा तेच पोट उघडू?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचं करा की. पाव तासाचं काम. पोट फाडायला नको, झोपवायला नको, त्याच दिवशी चालत घरी."

मी मान हलवली. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं. ही मान पुरुषाला कोणी शिकवावी लागत नाही. सोळा महिने मी तीच हलवत राहिलो.

त्या सोळा महिन्यांचं काय सांगायचं? तिला गोळ्या सोसत नव्हत्या, तांबीने अंगावरून जास्त जायचं, आणि तिसरं राहिलं होतं ते फुगा फाटल्यामुळे, म्हणून फुग्याचं नाव काढलं तरी तिचा चेहरा उतरायचा. मग राहिलं काय? राहिली ती खाट. आम्ही दोघं एका खाटेवर असे झोपायचो, जसे वॉर्डात दोन अनोळखी रुग्ण. भांडण नव्हतं. उलट फारच चांगलं वागत होतो एकमेकांशी, पाहुण्यांसारखं. तिने मला पाण्याचा पेला देताना बोटं बाजूला घ्यायची, मी बाजूला घ्यायची. पेला मध्येच तरंगतोय असं वाटायचं.

आमची कामाची पाळी पहाटे सुरू होते आणि दुपारी संपते. तीही त्याच धुलाईखान्यात आहे, शिवणखोलीत. फाटलेल्या चादरी सांधणं आणि काठावर टाके घालणं तिचं काम. चादर पन्नासदा धुऊन झाली की काठावर लाल दोऱ्याचा एक टाका. सात टाके झाले की चादर बाद. शिवणखोलीतल्या बायका चादरीचा काठ नुसता बोटांतून ओढतात आणि तिचं वय सांगतात. दुपारी आम्ही घरी येतो, मुलं चारला शाळेतून येतात. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. मधले तीन तास घर आमचं असतं. सोळा महिने ते तीन तास नुसते पडून असत, न वापरलेल्या भांड्यासारखे.

अशाच एका दुपारी बायको झोपली होती. मी कूस बदलली आणि माझा हात तिच्या खांद्यावर पडला. मुद्दाम नाही. ती जागी झाली नाही. झोपेतच तिने दोन्ही हात पोटावर नेले, गुडघे वर ओढले आणि भिंतीकडे सरकली. तिचा चेहरा शांत होता, अगदी झोपलेला. फक्त हात घाबरले होते.

मी उठलो, चपला घातल्या आणि डॉक्टरीणबाईंकडे जाऊन नाव घालून आलो. सोळा महिन्यांनी. यात शाबासकी घेण्यासारखं काही नाही.

घरात सांगितलं तेव्हा दादा आणि वहिनी आलेले होते. माझा थोरला भाऊ शेजारच्याच इमारतीत राहतो. चहाचा कप त्याने खाली ठेवला नाही, तसाच हवेत धरला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ही कामं बायकांची."

"तिचं पोट दोनदा फाडलंय, दादा."

"तुझ्या वहिनीचंही केलं की. काय झालं तिला? बघ, समोर बसलीय धडधाकट."

वहिनी ताटलीतला तुकडा मोडत होती. "भाऊजी, पुरुषाचं अंग थंड पडतं म्हणतात त्याने. तुम्ही तर ओली कापडं उचलता. कमरेतला जोर गेला तर?"

"वहिनी, कापडं मी हाताने उचलतो."

बायकोला हसू आलं, तिने ते पदराआड नेलं. दादाला आलं नाही. "हसा. उद्या मला येऊन सांगू नका. आणि लोक विचारतील तेव्हा मी काय सांगायचं?"

"लोक माझ्या चड्डीत कशाला बघतील?" मी म्हटलं. "आणि बघत असतील तर त्यांची नावं सांग, मी त्यांच्या घरी जातो."

दोघं गेल्यावर मला वाटलं, आता बायको काहीतरी बोलेल. तिने कपबशा विसळल्या, पालथ्या घातल्या, हात पुसले. मग म्हणाली, "अहो, माझ्यावर उपकार म्हणून करणार असाल तर नका करू. मला जन्मभर तुमचे आभार मानत बसायचं नाही."

"उपकार नाही."

"मग काय?"

मी त्या चादरीबद्दल तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

कामावर बातमी माझ्याआधी पोहोचली. वाफोबा बॉयलरच्या दारात टेकून उभे होते. "ऐक रे. वाफेला वाट नाही ठेवली तर बॉयलर फुटतो. बावीस वर्षांचा अनुभव आहे."

"तुमच्या बॉयलरचं बघा, वाफोबा. तो पेटून किती वर्षं झाली?"

पिळायच्या मशीनवरचे दोघं इतके हसले की मुकादमबाईंना बाहेर यावं लागलं. वाफोबाही हसले. पण त्या दिवसानंतर ओला गठ्ठा उचलताना माझ्याकडे जो तो बघायचा, आणि मी दुप्पट उचलायचो. मूर्खपणाच, दुसरं काय?

ऑपरेशनच्या दिवशी मला ज्या टेबलावर घेतलं त्यावर आमचीच चादर होती. कडक, पांढरी, अजून थोडी गरम. अंगावर दुसरी टाकली. सर्जन तरुण होता, माझ्याहून लहान. कागदावरची सही दाखवून त्याने पुन्हा विचारलं.

"हे कायमचं समजायचं. उलट जोडता येतं असं लोक म्हणतात, पण तो भरवसा धरून इथे झोपू नका. उद्या वाटलं की अजून एक हवं होतं, किंवा देव न करो, आहेत त्यांतलं..."

"पोर म्हणजे चादर नाही," मी म्हटलं, "एक गेली की कपाटातून दुसरी काढायला."

त्याने हातमोजे चढवले. सुई टोचली तेवढी कळली. मग खाली कोणीतरी दोरी ओढतंय, लांबून, दुसऱ्याच कोणाच्या अंगात, असं वाटत राहिलं. त्या दोन बारीक नळ्या तो शोधत होता, कापत होता, बांधत होता, आणि सिस्टरला तिच्या भाचीच्या परीक्षेबद्दल विचारत होता. माझ्या हाताला चादरीचा काठ लागला. मी तो बोटांतून ओढला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच टाके. अडीचशेदा धुतलेली चादर. मी धुतलेली, तिने टाका घातलेली. मला एकदम वाटलं की हे टेबल नाही, ही आमचीच खाट आहे, आणि आम्ही दोघं रोज पहाटेपासून दुपारपर्यंत याच चादरीच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांना काहीतरी सांगत आलोय, फक्त चादर इतकी लांब होती की ऐकू जात नव्हतं.

"झालं," सर्जन म्हणाला. "बोलत का नाही? दुखतंय का?"

"नाही. मोजत होतो."

बाहेर एक ब्रदर होता, जाडजूड, दमलेला. त्याने गोळ्या दिल्या आणि एक कागद.

"दोन दिवस पडून राहायचं, आठवडाभर ओझं नाही. आणि हे नीट ऐका, कारण निम्मे लोक ऐकत नाहीत आणि मग इथे येऊन आमच्या नावाने ओरडतात. आजपासून मोकळं नाही. पुढच्या वाटेत आधीचं बीज शिल्लक असतं. ते निघून जायला तीन महिने, आणि किमान वीस वेळा. मग तपासणी. तपासणीत शून्य आलं, की मग. तोवर काळजी घ्यायची."

"वीस वेळा?"

"एकट्याने, दुकट्याने, कसंही. शरीराला काय कळतंय?"

सोळा महिन्यांत एकदाही नाही, आणि आता वीस. मला हसू यायला हवं होतं.

घरी आलो तेव्हा तिने खाट झाडून ठेवली होती. मला झोपवलं, बर्फ फडक्यात बांधून दिला, मग स्वतः शेजारी आडवी झाली. पाच मिनिटांत झोपली. उताणी, तोंड किंचित उघडं, आणि दोन्ही हात बाजूला पसरलेले, तळवे वर. पोटावर कोणी पहारा देत नव्हतं. खिडकीवरच्या पांढऱ्या पडद्यातून दुपार आत येत होती आणि त्या उजेडात ती अशी पडली होती, जशी पाण्यावर तरंगतेय. खिशात तो कागद होता. मी तिला उठवून सांगणार होतो का, की अजून नाही? अजून तीन महिने घाबर?

नाही सांगितलं. कागद पेटीच्या तळाशी गेला, त्याच चादरीच्या घडीत. मी ठरवलं की वीस वेळा मी एकटाच उरकीन, तपासणी एकटाच करीन, आणि शून्य हातात आलं की मगच तिच्याजवळ जाईन. मला वाटलं, मी फार शहाणा आहे.

दोन आठवड्यांनी, दुपारीच, ती माझ्याकडे वळली. आपणहून. तिचा हात माझ्या छातीवर आला आणि तिथे राहिला, पाखरू येऊन बसावं तसा. दीड वर्षाने. मी मग म्हटलं, "अगं, अजून जरा दुखतंय," आणि उठून पाणी प्यायला गेलो.

त्यानंतर पाळी संपल्यावर मी घरी उशिरा जायला लागलो. वाळवणाच्या खोलीत, टांगलेल्या चादरींच्या रांगांमध्ये, गरम हवेत पडून राहायचो. न्हाणीघरात दार लावून जे करायचं ते करायचो आणि मनात आकडा धरायचो. एक. दोन. तीन. चार. यात सुख शोधू नका. दात घासण्याइतकंच होतं ते. तिकडे घरी ती तीन तास एकटी बसून काय समजत होती ते मला वहिनीकडून कळलं, जिन्यात.

"भाऊजी, मी म्हटलं होतं ना? थंड पडलात. ती बिचारी बोलत नाही, पण मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

"रडून डोळे सुजतात ते दिसतंय. आणि काय दिसायला हवं?"

मी तडक घरी गेलो. दार उघडंच होतं. पेटी खोलीच्या मधोमध होती, झाकण उघडं, आणि ती जमिनीवर बसली होती. मांडीवर चादर, चादरीवर कागद. धाकट्याचा स्वेटर काढायला म्हणून तिने पेटी उघडली होती, एवढंच.

"वीस," ती म्हणाली. "किती झाले?"

"चार."

"कुठे?"

"कामावर. न्हाणीघरात."

मला वाटलं, आता रडेल. रडली नाही, भडकली. ती भडकली की आवाज चढत नाही, उतरतो.

"म्हणजे मी इथे बसून विचार करतेय की यांना माझी किळस आली, की कोणी दुसरी आहे, की वहिनी म्हणतात ते खरं. आणि तुम्ही न्हाणीघरात हिंडताय आकडे मोजत. माझ्यासाठी. वा."

"तुला झोप लागली होती त्या दिवशी. निवांत. मला मोडवेना."

"ती झोप खोटी होती ना पण. मला खोटी झोप कशाला देता? मी काय लहान पोर आहे थोपटून निजवायला?" तिने चादरीचा काठ बोटांतून ओढला. "आणि ही. तीन टाक्यांची चादर कोणी बाद करत नाही. नऊ वर्षं मी काठ बघते. मी घरी आले त्याच आठवड्यात पेटीत सापडली होती मला. रक्ताला गरम पाणी लावलंय हे आंधळ्यालाही कळेल. धुलाईखान्यात असं करणारा एकच, आणि तोही त्याच दिवशी. वाट बघत होते, कधी सांगाल."

मी खाली बसलो. "मला ते दिसायला नको होतं."

"मला काय हवं होतं?"

आम्ही दोघं त्या डागाकडे बघत होतो. दोन ओंजळी. डागाची कड गडद होती आणि मध्ये तो फिका होत गेला होता, जसं संध्याकाळी उथळ पाणी दिसतं. तिने त्यावर तळवा ठेवला. मग मी माझा तिच्या हातावर ठेवला, आणि तिने बोटं बाजूला घेतली नाहीत.

मग ती उठली आणि ती चादर तिने खाटेवर अंथरली. डाग मधोमध. डब्यातून सुई काढली. पांढरा दोरा ओवून दुसऱ्या, कोऱ्या काठावर चार टाके घातले, पांढऱ्यावर पांढरे, दिसतीलसे नाहीत.

"हे तुमचे एकट्याचे," ती म्हणाली. "इथून पुढचे लाल."

"पण रिपोर्ट येईपर्यंत..."

"मला वाचता येतं. कागदावर नको म्हणून लिहिलंय ते मी करणार नाही, धोका मी घेणार नाही. पण मी इथे असेन. हात आहेत ना मला? तोंड आहे बोलायला. का नुसती चादरी शिवायला बायको केलीत?"

त्यानंतरच्या दुपारी कशा गेल्या ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या एकमेकींत मिसळल्यात. पडदा, उजेड, खालच्या रस्त्यावरून जाणारी एखादी सायकल. ती शेजारी. कधी आम्ही नुसते बोलायचो आणि चार वाजून जायचे. गेलेल्या बाळाबद्दलही बोललो, पहिल्यांदाच. ती मुलगी होती हे तिने मला तेव्हा सांगितलं. कधी माझ्या डोळ्यांवर हात ठेवून ती म्हणायची, "आता सांगा, मी कुठे आहे?" आणि मला खरंच कळायचं नाही की ती कुठे संपते आणि चादर कुठे सुरू होते. वाफेत उभं राहिल्यासारखं व्हायचं, पण त्या पहाटेच्या वाफेसारखं नाही. यातून हाक आली तर ती मलाच असायची. मग तोंडात दोरा धरून ती उठून बसायची, एक लाल टाका, आणि दाताने दोरा तोडायची.

"अकरा. वहिनींना सांगू का, थंड पडलेत म्हणून?"

"सांग. वाफोबांनाही सांग."

एकदा डोळा लागला आमचा आणि मुलं येऊन दार वाजवत राहिली. थोरलीने आत आल्या आल्या विचारलं, "आई, एवढ्या दुपारी काय शिवतेस?" "तुझ्या बाबांना," ती म्हणाली. थोरली म्हणाली, "फाटलेत का?" "फाटले होते."

तिची भीती काही एकदम गेली नाही. पाळीची तारीख जवळ आली की ती कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहायची, काहीही झालेलं नसताना. झोपेत कधी कधी हात पोटावर जायचेच. मी ते बघायचो आणि स्वतःला शिव्या घालायचो.

तीन महिने झाले. काठावर चार पांढरे आणि अठरा लाल. आम्ही दोघं मिळून नमुना घेतला, डबी तिने फडक्यात गुंडाळून पदराखाली छातीशी धरली, गार पडू नये म्हणून, आणि आम्ही रुग्णालयात चालत गेलो. रस्त्यात दादा भेटला.

"काय आणलंय एवढं जपून?"

"तुमच्या भावाची ताकद," ती म्हणाली आणि पुढे निघाली. दादा अजून तिथेच उभा असेल.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीत एक बाई होती. कागद सरकवत म्हणाली, "थोडे दिसतायत अजून. महिन्याने पुन्हा आणा. तोवर काळजी घ्या."

माझ्या बायकोने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले. "वीस म्हणाला होतात तुम्ही. आम्ही बावीस केले."

रांगेत मागे सहा माणसं होती. सगळी एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

"बाई, कोणाचं वीसमध्ये होतं, कोणाचं तीसमध्ये," खिडकीतली म्हणाली. "घाबरू नका. हे असं होतं."

बाहेर आल्यावर ती धुलाईखान्याच्या भिंतीशी थांबली. भिंतीतून गरम हवा येत होती. तिचे हात पोटावर गेले होते, उघड्या डोळ्यांनी. "बंद झालंच नसेल तर?" ती म्हणाली. खोटं सांगायची सवय होती, ती मी तेव्हा गिळली. "माहीत नाही," मी म्हटलं. "नसेल तर पुन्हा टेबलावर झोपेन. पण आज माहीत नाही." तिने मान हलवली. मग म्हणाली, "चला, चार वाजेपर्यंत वेळ आहे." मी हसलो, आणि तीही, आणि तसेच डोळे पुसत आम्ही घरी गेलो.

त्याच महिन्यात एकदा वहिनी धुलाईखान्याबाहेर माझी वाट बघत उभी होती. दादा नव्हता बरोबर.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. तुम्हाला किती वेळ लागला होता? टेबलावर."

"पाव तास."

"आणि घरी कधी आलात?"

"त्याच दुपारी. चालत."

"पाव तास," ती म्हणाली. तिच्या वेळी आठ दिवस वॉर्डात ठेवलं होतं, जखम चिघळली होती. तिच्या चादरीही मीच धुतल्या होत्या. ती आणखी काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. तिने पदर नीट केला आणि घराच्या उलट्या दिशेने चालायला लागली, सावकाश, जणू तिला कुठेही पोहोचायचं नव्हतं. मला दादाची कॉलर धरावीशी वाटली. मग आठवलं, डॉक्टरीणबाईंसमोर तेच वाक्य माझ्याही तोंडात तयार होतं.

दुसऱ्या तपासणीचा कागद तिने घेतला. मला दिला नाही. उभ्या उभ्या वाचला, पुन्हा वाचला, खिडकीतल्या बाईला परत दाखवला. "हे शून्यच ना? पुढे काही लिहायचं राहिलं नाही ना?" "शून्यच, बाई." तिने तो घडी करून कमरेला खोचला आणि घरापर्यंत माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिली. मला वाटत होतं की घरी गेल्यावर काय होईल ते मला माहीत आहे. दोन वर्षं होत आली होती.

घरी आली, हातपाय धुतले, खाटेवर त्या चादरीवर बसली. काठ बोटांतून ओढला, पांढरे चार, लाल सव्वीस. मग आडवी झाली आणि माझा दंड ओढून उशीला घेतला.

"जरा पाचच मिनिटं," ती म्हणाली, आणि झोपली.

पाच मिनिटं कसली. ती घोरली. एक पाय माझ्यावर, एक खाटेबाहेर, हात डोक्यावर फेकलेले, तोंड उघडं. माझा दंड बधिर झाला. पडद्यावरचा उजेड पिवळा झाला, मग सरकत भिंतीवर गेला. मी तिच्या हातांकडे बघत होतो, ते खाली येतात का म्हणून. एकदा उजवा हलला. नाकावरची माशी हाकलली आणि परत वर जाऊन पडला.

चारला मुलांनी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मी इकडूनच हलक्या आवाजात म्हटलं, "पायरीवर बसा रे जरा. आई झोपलीय."